वाड्यातलं भूत रविवारीच का यायचं? कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातलं आहे. नावं कुणाचीच टाकत नाही, ताईनं त्याच अटीवर लिहायला परवानगी दिलीय. माझं शहरात इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे, एवढं माझ्याबद्दल बास.

ताईच्या सासरचा वाडा शुक्रवार पेठेच्या बाजूला, नदीपासून फार लांब नाही. पुढं सोपा, मग माजघर, मागं परडं, वर माडी आणि माडीच्या वर माळा. पंचगंगा ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे तिथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतंय. २०१९ ला पाणी सोप्यात आलं, २०२१ ला परत आलं, आणि ते ओसरल्यापासून भिंतींनी जी ओल धरली ती काही गेली नाही. जिन्याच्या फळ्या फुगल्या, मग उन्हाळ्यात वाळून वाकड्या झाल्या. दिवसा कुणी चढलं तर करकरतात, आणि रात्री कुणी नसतानाही करकरतात. याच्याबद्दल आधी कुणाची तक्रार नव्हती. जुनं घर म्हटल्यावर एवढं चालायचंच.

घरात माणसं पाच. ताई, दाजी, दाजींच्या आई म्हणजे पोरांच्या आजी, थोरली दहावीत आणि धाकटा सहावीत.

आता एक गोष्ट जी मला तेव्हा पार्श्वभूमी वाटलीच नव्हती. पिढ्यान्पिढ्या त्या घरात आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं, आणि बंब परड्यात. शेणी आणि लाकडाचा धूर डोळ्यात जातो म्हणून तो बाहेर, साधा हिशोब. आजींचे गुडघे गेले, सकाळी सकाळी बंब पेटवायचं कुणी हा वाद रोजचा झाला, म्हणून त्या दिवाळीत भाऊबीजेला ओवाळणी म्हणून मी ताईला गॅस गिझर दिला. प्लंबर आला, त्यानं तो न्हाणीत भिंतीवर बसवला. धूर नाही तर बाहेर कशाला, असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं. मी तिथंच उभा होतो. न्हाणीला बोळाच्या बाजूनं एक हातभर झरोका होता, उघडाच असायचा. तीन आठवडे गिझर मस्त चालला, आजी खूश, ताई खूश.

समस्या

डिसेंबरमधल्या एका शनिवारी दाजींच्या भावाची पोरं राहायला आली आणि चौघांनी मिळून माडीवर दिवे बंद करून 'द कॉन्ज्युरिंग' बघितला. २०१३ चा पिक्चर, जेम्स वॉनचा. अमेरिकेत त्याला लहान मुलांनी एकट्यानं बघू नये असं सर्टिफिकेट मिळालं ते रक्तासाठी नाही, शिव्यांसाठी नाही, तर नुसता फार भीतीदायक आहे म्हणून, असं पिक्चर काढणारेच सांगतात. एक कुटुंब पाच मुलींना घेऊन जुन्या घरात राहायला येतं, घड्याळं रोज रात्री ३ वाजून ७ मिनिटांनी बंद पडतात, कपाटातून कुणीतरी टाळ्या वाजवतं. पोरं घाबरली पण घाबरून हसत होती, तोपर्यंत ठीक होतं. घोळ झाला तो शेवटी. पिक्चर संपताना खऱ्या कुटुंबाचे खरे फोटो दाखवतात. थोरली मला नंतर म्हणाली, "मामा, तोपर्यंत मला वाटत होतं ॲक्टिंग आहे. फोटो आले आणि पोटात गोळा आला."

दुसऱ्या दिवसापासून वाडा बदलला. म्हणजे वाडा तोच, कान बदलले. जिना करकरला की "आलं". माळ्यावर फडफड झाली की "टाळ्या". सोप्यातलं घड्याळ कधीतरी सेल संपून २ वाजून ५० मिनिटांवर थांबलं होतं, ते कुणी आठवडाभर बघितलं नव्हतं, आता बघितलं. ३:०७ नाही म्हणून सुटलो म्हणावं तर धाकटा म्हणतो, भारताची वेळ वेगळी असतीय.

आणि मग थोरलीला न्हाणीत कुणीतरी झरोक्यातून बघतंय असं वाटायला लागलं. मागं बोळ आहे, मांजरं फिरतात, तिला डोळे चमकलेले दिसलेही असतील. आजींनी काय केलं, झरोक्याला एक प्लायवूडचा तुकडा लावला आणि कडेनं गोणपाट ठासलं. परड्याकडचं मागचं दारही संध्याकाळपासून सकाळी उजाडेपर्यंत कडीबंद. सगळ्यांना बरं वाटलं.

तिथून चार-पाच दिवसांत नवीनच प्रकार सुरू झाला. थोरली आंघोळ करून बाहेर यायची ती पांढरी पडून. डोकं ठणकतंय, मळमळतंय, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय, कानात घुंई असा आवाज येतोय, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काळं काहीतरी सरकतंय. एकदा आजींनाही न्हाणीत चक्कर आली, त्या बीपी म्हणाल्या आणि गप्प बसल्या. दाजींना काहीच होत नव्हतं. दाजी पहाटे पाचला सगळ्यात आधी आंघोळ करून कामाला जातात, त्यामुळं त्यांचं ठाम मत, "सगळी नाटकं आहेत, मोबाईल काढून घ्या."

समोर असलेले पर्याय

घरात चार मतं होती आणि चारही एकाच जेवणाच्या ताटावर मांडली गेली, मी पण होतो, तांबडा-पांढरा गार झाला तरी कुणी रस्सा वाढून घेईना.

आजींचं म्हणणं, पोरीला नरसोबाच्या वाडीला नेऊन आणूया, आणि तोपर्यंत घरात उतारा टाकूया. यात मला वावगं काही दिसलं नाही, दर्शन घेऊन कुणाचं वाईट होत नाही. पण शेजारच्या एका बाईंनी मधेच एका बुवाचं नाव सुचवलं, फोन झाला, तो म्हणाला ११ हजार आणि पोरीला एक रात्र ठेवावं लागेल. ताई तिथंच उठली. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, असल्या प्रकारासाठी माणूस आत जाऊ शकतो, हे मी सांगितलं, पण खरं सांगायचं तर ताईला कायद्याची गरज पडलीच नाही. पोरीला एक रात्र ठेवा म्हटल्यावर विषय संपला.

दाजींचा पर्याय म्हणजे मोबाईल जप्त आणि दम. ताईचा पर्याय, एखाद्या समुपदेशक बाईंना दाखवूया, दहावीचं वर्ष आहे, टेन्शनही असेल. तिनं हळूच अजून एक सांगितलं, वाडा सोडून कळंब्याच्या बाजूला भाड्यानं फ्लॅट घेऊया का. दाजी त्यावर काही बोलले नाहीत, नुसता घास चावत राहिले. वडिलांचा वाडा आहे तो.

माझा पर्याय, मी पिक्चर खोटा पाडून दाखवतो.

डॉक्टरकडं नेऊया हे पाचांपैकी एकानंही म्हटलं नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतीय असं पोरगी आठवडाभर सांगतीय आणि आम्ही पिक्चरवर, वाड्यावर, दहावीवर बोलतोय. पिक्चर बघून ते सुरू झालं म्हणजे पिक्चरमुळंच सुरू झालं असं सगळ्यांनी धरलं होतं, ज्याचा भुतावर विश्वास त्यानंही आणि ज्याचा नाही त्यानंही.

काय केलं

पहिलं पाऊल माझं आणि ते फसलं. मी दोन रात्री वाचन करून गेलो आणि पोरांना बसवून अर्धा तास भाषण दिलं. म्हटलं, बाबूराव पेंटरांच्या गावातली पोरं तुम्ही, प्रभात कंपनी १९२९ ला याच गावात निघाली, पडद्यावरचं रंगवलेलं असतंय हे तुम्हाला मी सांगायचं? पिक्चरमधलं पेरॉन कुटुंब खरं, ऱ्होड आयलंडमधल्या हॅरिसव्हिलचं ते घर खरं, १९७१ मधे ते तिथं राहायला गेले हेही खरं. पण पिक्चर शूट झाला नॉर्थ कॅरोलायनात, दुसऱ्याच घरात. पिक्चरमधे शेवटी भूत उतरवतात आणि सगळं गोड होतं, तसं काही झालं नाही, खुद्द त्या घरातली थोरली मुलगीच सांगते की भुतं शोधणाऱ्या वॉरन नवराबायकोनं भुताला बोलवायची एक बैठक केली आणि ती इतकी बिघडली की वडलांनी त्यांना घराबाहेर काढलं. आणि ज्या बाथशिबाला चेटकीण दाखवलीय, मूल बळी देऊन झाडाला फास घेतला म्हणून, ती खरीखुरी बाई होती, म्हातारी होऊन १८८५ मधे वारली, चेटकीण असल्याचा कुठं कागद नाही. पिक्चरनंतर लोकांनी तिच्या थडग्याचा दगड फोडून ठेवला, मेलेल्या बाईला हा त्रास.

वर अॅमिटीव्हिलचं पण सांगितलं. न्यूयॉर्कजवळचं घर, १९७४ मधे तिथं एका पोरानं आपल्याच घरातली सहा माणसं मारली हे खरं, पुढं एक कुटुंब राहायला आलं आणि २८ दिवसांत पळालं, त्यावर पुस्तक आलं, पिक्चर आला. पण त्यांच्यानंतर जे लोक तिथं राहिले त्यांना त्रास झाला तो फक्त घर बघायला येणाऱ्या गर्दीचा. त्या खुन्याच्या वकिलानं स्वतःच नंतर सांगितलं की दारूच्या बाटल्या रिकाम्या करत आम्ही ही कथा रचली.

मला वाटलं जिंकलो. धाकटा म्हणाला, "मग पेरॉनवाले १९८० पर्यंत तिथंच राहिले का?" होय म्हटलं, पैसे नव्हते. "म्हणजे भूत होतं आणि तरी राहिले? बाप रे." आणि थोरली फक्त एवढंच म्हणाली, "मामा, ते सगळं खोटं असूंदे. पण माझ्या छातीवर कोण बसतंय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती स्वतःच्या अंगाबद्दल सांगत होती आणि मी तिला अमेरिकेचा इतिहास सांगत होतो.

दुसरं पाऊल जरा बरं निघालं. मी शुक्रवारी रात्री मुक्कामाला गेलो आणि धाकट्याला म्हटलं, वही काढ. काय होतंय, कधी होतंय, कुणाला होतंय, सगळं लिही, आधीचं आठवतंय तेपण लिही. त्याला हे भलतंच आवडलं, त्यानं वहीवर 'तपास' असं लाल पेननं लिहिलं. रात्री दोघं बॅटरी घेऊन फिरलो. जिना साडेअकराच्या पुढं करकरतो, डिसेंबरात दिवसा ऊन आणि रात्री गारठा, लाकूड आकसतं, मी त्याचा हात फळीवर ठेवला आणि फळीनं हाताखालीच टक्क केलं, तो दचकला आणि मग हसला. टाळ्या म्हणजे माळ्यावरचे पारवे, मांजर आलं की एकदम उठतात आणि पंख पंखावर आपटतात, हुबेहूब टाळी. परड्यातलं खुडबुड म्हणजे घूस. घड्याळात सेल घातला. एक आवाज मात्र सापडला नाही, माडीच्या मधल्या भिंतीतून तीन ठोके येतात, थांबून थांबून, ते मी स्वतः ऐकले. पाईप नाही तिथं, वायर नाही. तो वहीत तसाच राहिला, पुढं प्रश्नचिन्ह.

शनिवारी सकाळी चहा पिताना ती वही मी चाळली. न्हाणीच्या नोंदी अशा होत्या: रविवार, दीदी, छातीवर बसलं. बुधवार, दीदी, डोकं, काळी सावली. रविवार, आजी, चक्कर. रविवार, दीदी, उलटी. आजी अमावस्या शोधत होत्या, ती कुठंच जुळत नव्हती. मी म्हटलं, तुझं भूत फक्त रविवारी आणि बुधवारी कामाला येतंय काय रं? ताई आतून ओरडली, ते तिचे केस धुवायचे दिवस. आम्ही सगळे हसलो. उत्तर हातात होतं आणि आम्ही हसलो, मी चहा संपवून दुकान उघडायला गेलो.

तिसऱ्या पावलाला आमचं कर्तृत्व काही नाही. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, थोरली सगळ्यात शेवटी आंघोळीला गेली, केस धुवायचे म्हणून गिझर बराच वेळ चालू. आतून धप्प आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. दाजींनी खांद्यानं दार फोडलं, चादरीत गुंडाळून तिला उचलून परड्यात तुळशीपाशी आणलं, आणि पाच-सात मिनिटांत तिनं डोळे उघडले. आजी रडत म्हणाल्या, बघा, उंबऱ्याबाहेर आल्यावर सोडलं तिला. त्या क्षणाला मी तिथं असतो तर मलाही तसंच वाटलं असतं, आत बेशुद्ध आणि बाहेर आणलं की शुद्ध, अजून पुरावा काय पाहिजे.

मी पोचलो तेव्हा ती बोलत होती पण डोकं धरून बसलेली. कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात होतं, मी लावलं. ९८ आलं. मी म्हटलं ऑक्सिजन मस्त आहे, अशक्तपणा असेल, लिंबूपाणी द्या. त्यात आमची चाळीस मिनिटं गेली. मग तिला परत उलटी झाली तेव्हा ताईनं कुणाचं न ऐकता रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पिक्चर, झरोका, सावली, सगळं. मग एकच विचारलं, "गिझर गॅसचा आहे का? आतच आहे का?" माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा, पिक्चर बघून नाही.

त्यांनी मास्कनं ऑक्सिजन लावला, रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट त्यांनी धरलेला तोच आला, कार्बन मोनॉक्साईड. बंद न्हाणीत गॅस जळतो, खेळती हवा नसली की तो अर्धवट जळायला लागतो आणि हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनची जागाच अडवून बसतो. आणि बोटाचं साधं मशीन त्याला ओळखत नाही, त्याला तो ऑक्सिजनच वाटतो. म्हणून ९८.

मग वहीतली एकेक नोंद सुटत गेली. दाजी पहिले आंघोळीला, कमी वेळ, म्हणून त्यांना काही नाही. थोरली शेवटी, केस धुवायच्या दिवशी जास्त वेळ, म्हणून तिला सगळ्यात जास्त. पिक्चरच्या आधी तीन आठवडे काही नाही कारण झरोका उघडा होता. भुताच्या भीतीनं झरोका बुजवला, आणि बुजवल्यावर भूत आलं.

डॉक्टर बाईंनीच जाता जाता सांगितलं की असं प्रकरण शंभर वर्षांपूर्वी छापून आलंय. मी नंतर शोधलं. १९२१ मधे अमेरिकेतल्या डोळ्यांच्या एका मासिकात विल्मर नावाच्या डॉक्टरनं एका कुटुंबाचं लिहिलंय, नाव लपवून नुसतं एच कुटुंब म्हटलंय. जुन्या घरात राहायला गेले, पावलांचे आवाज, अनोळखी माणसं दिसायची, रात्री छातीवर दाब, पोरं मलूल, कुंड्यांतली झाडंसुद्धा मरायला लागली. तळघरातली भट्टी बिघडली होती, तिचा धूर चिमणीतून बाहेर जायच्या ऐवजी घरात येत होता. ती दुरुस्त केली, भुतं गेली. खऱ्या घटनेवरचा याच्याइतका खरा भुताचा वाडा मला तरी दुसरा सापडला नाही, पण याचा पिक्चर कोण काढणार, शेवटी भट्टीवाला येतो आणि पाना फिरवून जातो.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, गिझर न्हाणीत बसवतानाच. बंब परड्यात का होता याचा मी एक मिनिट विचार केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. माझा धंदा वायरिंगचा आहे, गॅस माझा विषय नाही असं मी स्वतःला सांगत होतो, पण ओवाळणी माझी होती.

दुसरं, झरोका बुजवला तेव्हा. पोरीला भीती वाटतीय तर प्लायवूडऐवजी जाळी किंवा पडदा लावता आला असता, हवा चालू राहिली असती आणि मांजराचे डोळे पण दिसले नसते.

तिसरं, शनिवारचा तो चहा. 'कुणाला, कधी' या दोन रकान्यांत सगळं होतं. तिसरा रकाना 'कुठं' असा केला असता तर प्रत्येक ओळीत न्हाणी आली असती. धाकट्याला मी वही दिली आणि वाचताना विनोद केला.

दाजींना नाटकं वाटली हा त्यांचा दोष मी फार धरत नाही. ज्याला स्वतःला काही होत नाही त्याला दुसऱ्याचं खोटंच वाटतं. पण कुणाला होतंय आणि कुणाला होत नाही हा फरकच खरा धागा होता, आणि आम्ही त्याला स्वभावाचा फरक समजलो.

आणि थोरली बेशुद्ध पडली तेव्हा मी जे मशीन लावलं ते लावायला नको होतं, सरळ दवाखाना गाठायला पाहिजे होता. बंद न्हाणीत कुणी पडलं तर आधी दार-खिडकी उघडून माणूस मोकळ्या हवेत, गॅस बंद, आणि मशीनवर काहीही आकडा दिसूंदे, डॉक्टरला 'गॅस गिझर' हे दोन शब्द स्वतःहून सांगायचे. आम्ही पिक्चरची सगळी स्टोरी सांगितली आणि गिझर सांगितला नाही.

पुढं काय झालं

थोरली दुसऱ्या दिवशी घरी आली, आठवडाभर डोकं जड राहिलं, मग बरी झाली. गिझर मी त्याच दिवशी उतरवला आणि परड्यातल्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला टांगला, बंब होता बरोबर त्याच जागी. नुसता गरम पाण्याचा पाईप आत नेला. झरोका उघडला, बारीक जाळी बसवली, वर एक एक्झॉस्ट फॅन. काळी सावली, छातीवरचा दाब, कानातली घुंई, परत एकदाही नाही.

भीती मात्र एवढ्या पटकन गेली नाही. थोरली महिनाभर आजींजवळ झोपली. समुपदेशक बाईंकडं ताई तिला दोनदा घेऊन गेली आणि ते बरंच झालं, कारण बेशुद्ध पडायची भीती वेगळी होती आणि तिचा पिक्चरशी काही संबंध नव्हता. धाकटा अजून माडीवर एकटा जात नाही. ते तीन ठोके अजून येतात, त्याच्या वहीत अजून प्रश्नचिन्ह आहे आणि मी गेलो की तो पहिलं ते पान काढतो.

नरसोबाच्या वाडीलाही सगळे जाऊन आले. श्रेय कुणाचं यावर आजींचं आणि माझं एकमत होणार नाही. दर अमावस्येला त्या परड्यात जाऊन गिझरला लिंबू-मिरची बांधतात, आणि मी गेलो की ती धूर जायच्या तोंडावर लोंबत नाही ना, एवढं बघून घेतो.